न तुटणारा सूर : उमरठच्या झीलकऱ्यापासून संगणकाच्या ‘लूप’पर्यंत

१/
पोवाडा ऐकताना एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शाहीर श्वास घेतो, पण सूर थांबत नाही. त्याच्या शेवटच्या अक्षरावर मागचे साथीदार ‘जी जी’ची झील चढवतात, तुणतुण्याची तार वाजतच राहते आणि शाहिराचा पुढचा शब्द त्या झिलीच्या आतूनच वर येतो. आज हेच काम संगणकातील एखादे सॉफ्टवेअर काही क्षणांत करते. ध्वनीच्या एका लहान तुकड्याची दोन टोके सांधा कळू न देता जोडायची आणि त्यातून हवा तितका लांब सूर काढायचा, या युक्तीचा आणि यंत्रापूर्वी ती युक्ती साधणाऱ्या माणसांचा हा इतिहास. #थ्रेड

२/
आरंभ महाड-पोलादपूरपासून करणे सयुक्तिक ठरेल, कारण मराठी पोवाड्याच्या जुन्या भूगोलाचा हा गाभा आहे. रायगड महाड तालुक्यात. तानाजी मालुसरे यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला, ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी सिंहगडावर पडले. या दोन घटनांवरचे अनुक्रमे अज्ञानदास व तुळशीदास या शाहिरांचे पोवाडे शिवकालीन पोवाड्यांत अग्रस्थानी मानले जातात.

३/
हे पोवाडे दीर्घकाळ कागदापेक्षा कंठात अधिक होते. १८९१ मध्ये हॅरी ॲक्वर्थ या सनदी अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा शब्द ग्रंथात आले. सूर मात्र आला नाही. छापील पानावर चौकामागून चौक दिसतात. त्या दोन चौकांमधील जागा कोणी भरली, कशी भरली, याची नोंद पानावर नाही. पोवाड्याच्या अखेरीस शाहिराचे नाव गुंफलेले असते. झीलकऱ्याचे नाव कोठेच नसते.

४/
झीलकरी करतो काय? तमाशाच्या फडातही त्याला झीलकरी किंवा सुरत्या म्हणतात. एकाच्या हाती तुणतुणे, दुसऱ्याच्या हाती झांज. तुणतुणे हे अगदी साधे वाद्य : लाकडाचे पोकळ नळकांडे, तळाला कातडे, त्या कातड्यातून निघून बाजूच्या काठीवरील खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. तीवर राग वाजत नाही, चाल वाजत नाही. वाजतो तो केवळ षड्ज आणि त्याची लय. परंतु ही एकच तार शाहिराला सुराची आणि गतीची जमीन देते.

५/
झिलीचे खरे कसब वेळेत आहे. शाहिराचा शब्द पूर्ण संपल्यावर झील उचलली, तर मध्ये पोकळी पडते. फार आधी उचलली, तर शब्द बुडतो. म्हणून झीलकरी शाहिराच्या शेवटच्या अक्षराची शेपटी पकडतो : एकाचा आवाज उतरत असताना दुसऱ्याचा चढत असतो. श्रोत्याला जोड ऐकू येत नाही, कारण जोडाच्या जागी दोन्ही आवाज एकाच वेळी असतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे संगणकाने नेमके हेच केले.

६/
याच युक्तीचे दुसरे रूप अखंड हरिनाम सप्ताहात दिसते. महाड-पोलादपूरच्या गावांतून, तसेच महाराष्ट्रात सर्वत्र, सप्ताहाचा एक कडक दंडक असतो : सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली ठेवायची नाही. त्यासाठी ‘वीणेचा पहारा’ लावतात. एकाची पाळी संपते तेव्हा दुसरा समोर येऊन उभा राहतो, परस्परांना नमस्कार होतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माणूस बदलतो, वीणा उभीच राहते. ‘अखंड’ या शब्दाचा अर्थ येथे पाळीपाळीने रात्र जागवणारी माणसे असा आहे.

७/
तिसरे रूप शास्त्रीय संगीतात. तबल्याचे स्वतंत्र वादन चालू असताना सारंगीवर किंवा पेटीवर एक छोटी चाल पुन:पुन्हा वाजते. तिला लेहरा किंवा नगमा म्हणतात. तीनताल असेल, तर सोळा मात्रांचे एक आवर्तन आणि तेच आवर्तन शेकडो वेळा. तबलजीने कितीही अवघड गणित मांडले, तरी लेहरा सममेवर बिनचूक परतला पाहिजे. आजच्या भाषेत सांगायचे, तर लेहरेकरी हा बोटांनी चालणारा लूप होय.

८/
चौथे रूप तंबोऱ्याचे, आणि ते सर्वांत सूक्ष्म. चार तारा एकामागून एक छेडतात. पहिल्या तारेचा नाद विरण्यापूर्वी दुसरी, दुसरीचा विरण्यापूर्वी तिसरी, आणि चौथीचा खर्ज घुमत असतानाच पुन्हा पहिली. कोणत्याही क्षणी एकाहून अधिक तारा बोलत असल्याने आघात वेगळा ऐकूच येत नाही. छेडण्याची क्रिया खंडित, नाद मात्र अखंड.

९/
हे तंबोरे घडत ते मिरजेस. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. राज्ये गेली, शस्त्रांची मागणी ओसरली, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार प्रभृतींनी तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा बारीक धागा सरकवून जो भरणारा, झणकारणारा नाद काढतात त्याला ‘जवारी’ म्हणतात. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली असता काही उपस्वर उमटू नयेत असा तोवरचा नियम होता, त्या बिंदूवर छेडूनही तंबोऱ्यात ते उपस्वर स्पष्ट उमटतात, हे त्यांनी दाखवले.

१०/
या निरीक्षणाचा पुढील कथेशी निकटचा संबंध आहे. तंबोऱ्याचा नाद स्थिर भासतो, पण तो स्थिर नसतो. छेडल्यापासून विरेपर्यंत त्यातील उपस्वर क्षणोक्षणी बदलत असतात. म्हणूनच त्याचा एक तुकडा कापून तोच पुन:पुन्हा वाजवला की कान फसत नाही. तुकड्याचा शेवट आणि आरंभ यांचा रंग वेगळा असतो आणि जोडाच्या जागी ‘टक्’ असा आवाज येतो. यंत्राला पुढे जी अडचण आली, ती हीच.

११/
ध्वनी तुकड्यात पकडण्याचे साधन प्रथम तबकडीने दिले. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. रात्र जागवणारा पोवाडा तीन मिनिटांत बसवणे म्हणजे त्याचे चौक गाळणे आले. पण तबकडीने आणखी एक गोष्ट नकळत शिकवली. खाचेत चरा पडला की सुई तेथेच अडकते आणि तोच शब्द पुन:पुन्हा वाजतो. ‘याची रेकॉर्ड अडकली’ हा मराठीतील वाक्प्रयोग त्यातूनच आला.

१२/
जो दोष घरोघरी त्रासदायक ठरत होता, त्यातून एका फ्रेंच अभियंत्याने नवे संगीत उभे केले. पॅरिसच्या नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये ‘बंद खाच’ वापरून आगगाडीचे, भांड्यांचे आवाज आवर्तनात फिरवले. पुढे चुंबकीय फीत आली. फितीचा तुकडा कापून त्याची दोन टोके चिकटवली की वर्तुळ तयार होई. टोके सरळ न कापता तिरकी कापत, म्हणजे एक आवाज सरताना दुसरा हळूहळू सुरू होई. कात्री आणि चिकटपट्टी यांनी केलेली ही झीलच होती.

१३/
१९७९ मध्ये सिडनीच्या पीटर व्होगल व किम रायरी यांनी ‘फेअरलाइट’ हे यंत्र बाजारात आणले. खऱ्या वाद्याचा नमुना, म्हणजे सॅम्पल, अंकांच्या रूपात साठवून तो कळफलकावर वाजवता येऊ लागला. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘इम्युलेटर’ आले. त्याची स्मृती अवघी १२८ किलोबाइट, आवाज मावे सुमारे दोन सेकंदांचा. व्हायोलिनचा सूर दहा सेकंद लांबवायचा तर उपाय एकच : त्या दोन सेकंदांतील एक भाग निवडून फिरवत ठेवणे. लूप ही तेव्हा हौस नव्हती. स्मृती महाग होती, म्हणून ती निकड होती.

१४/
निवड करायची कशी? तंत्रज्ञ कानाने आणि डोळ्याने आरंभबिंदू व अंतबिंदू शोधत. एकेका सुरासाठी बराच वेळ जाई. त्यामागचे गणित एका उदाहरणाने समजते. पुरुष गायकाची काळी एक ही पट्टी घेतली, तर षड्जाची कंपने सेकंदाला सुमारे १३८.६. अंकीय ध्वनिमुद्रणात सेकंदाचे ४४,१०० नमुने घेतले, तर एका कंपनात ३१८.२ नमुने येतात. संख्या पूर्ण नाही. ३१८ नमुन्यांवर कापले, तर सूर किंचित चढतो. ३१९ वर कापले, तर उतरतो. पण पाच कंपने एकत्र घेतली की १,५९१ हा जवळपास पूर्णांक मिळतो. सांधा तेथे बसतो.

१५/
हे उदाहरण सरळ सुराचे. प्रत्यक्ष वाद्यात कंप असतो, आवाज वाढतो-विरतो, उपस्वर बदलतात. फार लहान तुकडा फिरवला, तर सूर निर्जीव, भुणभुणणारा होतो. फार मोठा घेतला, तर त्यातील चढउतार ठरावीक अंतराने परत परत ऐकू येतो आणि कानाला फेरा कळतो. १९८८ मधील ‘अकाई एस १०००’ सारख्या यंत्रांनी शेवट आणि आरंभ एकमेकांवर चढवून मिसळण्याची सोय दिली. तरीही कोणत्या बिंदूंवर कापावे, हा प्रश्न माणसाकडेच राहिला.

१६/
तो प्रश्न यंत्राकडे सोपवणारी व्यक्ती आली ती तेलसंशोधनाच्या क्षेत्रातून. अँडी हिल्डब्रँड हे अमेरिकन अभियंते. तेल शोधताना जमिनीत स्फोटाच्या लहरी सोडतात आणि परतलेल्या लहरींवरून खालच्या खडकांचे थर ताडतात. या लहरींचे गणित हा हिल्डब्रँड यांचा व्यवसाय, तर तरुणपणापासून बासरी ही त्यांची आवड. त्या व्यवसायातून बाहेर पडल्यावर त्यांनी राइस विद्यापीठात संगीतरचनेचे शिक्षण घेतले. सॅम्पलरमधील तंतुवाद्यांचा आवाज त्यांना पटेना, आणि त्यातून १९९० नंतर ‘इन्फिनिटी’ हे लूप जुळवणारे सॉफ्टवेअर जन्मास आले.

१७/
सांधा आपोआप शोधण्यामागे सर्वसाधारणपणे जे तत्त्व असते त्याला ‘स्वसहसंबंध’ म्हणता येईल. ध्वनीची एक प्रत त्याच ध्वनीवर ठेवायची आणि थोडी थोडी पुढे सरकवत प्रत्येक जागी दोन्ही किती जुळतात ते मोजायचे. जेथे जुळणी सर्वाधिक, तेथे तो ध्वनी स्वत:सारखाच पुन्हा होत असतो. तीच कापण्याची जागा. मग शेवटचा भाग उतरवत आणि आरंभापूर्वीचा भाग चढवत दोन्ही मिसळायचे. तंत्रज्ञाचे तासांचे काम संगणक क्षणांत करतो.

१८/
हिल्डब्रँड यांनी याच गणिताच्या आधारे १९९७ मध्ये गायकाचा चुकलेला सूर दुरुस्त करणारे ‘ऑटो-ट्यून’ आणले आणि ते जगभर गाजले. ‘इन्फिनिटी’चे नाव मात्र संगीताच्या व्यवसायाबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही. पुढे गाणाऱ्याची चूक सुधारणारे यंत्र प्रसिद्ध झाले, मागे सूर धरणारे अज्ञात राहिले. झीलकऱ्याच्या वाट्याला आलेली उपेक्षा त्याच्या यांत्रिक वारसालाही चुकली नाही.

१९/
भारतात याच दिशेने स्वतंत्र वाटचाल झाली. बंगळुरूचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला. आरंभीची अशी यंत्रे मंडलांतून तंबोऱ्यासारखा आवाज निर्माण करीत. पुढे खऱ्या तंबोऱ्याचे सॅम्पल साठवून ते फिरवणारी यंत्रे आली, लेहरा वाजवणारी पेटी आली आणि अखेरीस हे सारे मोबाइलच्या ॲपमध्ये सामावले.

२०/
या यंत्रांनी काय दिले, हे नीट मोजले पाहिजे. मिरजेचा तंबोरा घेणे, तो जुळवणारा हात मिळणे, रियाजाला लेहरेकरी मिळणे, ही शहरात राहणाऱ्यांची आणि घराण्यात वाढलेल्यांची सोय होती. घाटाखालच्या गावातील विद्यार्थ्याला ती नव्हती. यंत्राने त्याला पहाटे चार वाजताही न कंटाळणारा साथीदार दिला. साथीदाराअभावी ज्यांचे गाणे सुरूच झाले नसते, त्यांचे गाणे या पेट्यांमुळे सुरू झाले.

२१/
दुसरीकडे गावातील साथ पातळ होत गेली, त्याला यंत्र हे एकच कारण नाही. कोकणातील तरुण मुंबईच्या गिरण्या-गोद्यांकडे गेले. जाखडीच्या नाचाला गायक, ढोलकी, झांज आणि फेर धरणारी डझनभर माणसे लागतात. ती गौरी-गणपतीपुरती गावी येणार. साथीला माणसे कमी पडू लागली, तेथे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. यंत्राने माणसाला हाकलले असे म्हणण्यापेक्षा, बऱ्याच ठिकाणी माणूस आधीच गेला होता आणि त्याच्या रिकाम्या जागी यंत्र बसले, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल.

२२/
गमावले काय, ते समजण्यासाठी महाडचीच दुसरी परंपरा पाहावी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढील दशकात भीमराव कर्डक प्रभृतींच्या आंबेडकरी जलशांनी तो विचार गावोगाव नेला. तमाशाच्या फडात तुणतुणे, हलगी, झील सांभाळणारे हात बहुतांशी महार-मांग समाजांचे होते. कला त्यांची, पण मान नाही आणि नावही नाही. जलशात तीच माणसे स्वत:ची गोष्ट सांगण्यासाठी पुढे आली. मागची झील श्रोत्यांनीही उचलली. ध्रुवपद परत परत म्हणणे ही तेथे सोय नव्हती, ती संमती होती.

२३/
येथे माणसाची झील आणि यंत्राचा लूप यांतील भेद स्पष्ट होतो. तंत्र एकच : जोडाच्या जागी दोन आवाज एकमेकांवर चढवणे. पण झीलकरी ऐकत असतो. शाहिराची छाती भरून आली, तर तो झील एका आवर्तनाने लांबवतो. लय पळू लागली, तर तुणतुण्याने आवरतो. शब्द विसरला, तर पुढचे अक्षर हळूच पुरवतो. सर्वसाधारण लूप यांपैकी काहीच करत नाही. तो चुकत नाही आणि सावरतही नाही. त्याच्यासोबत गाणाऱ्याला आपला श्वास त्याच्या मापाने कापावा लागतो.

२४/
म्हणून सांधा किती बेमालूम, एवढ्यावरच या तंत्राचा हिशेब संपत नाही. सांधा लपवणे ही झीलकऱ्याची कला होती आणि त्या कलेचेच फळ त्याला विपरीत मिळाले : जोड जितका उत्तम, तितका जोडणारा अदृश्य. पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. उमरठला तानाजींची समाधी आहे. तुळशीदास आणि अज्ञानदास यांची नावे त्यांच्या पोवाड्यांत सुरक्षित आहेत. अज्ञानदासाच्या पोवाड्यात तर त्याला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचाही उल्लेख येतो. त्याच्या मागे तुणतुणे धरून कोण उभा होता, हे सांगणारी ओळ त्यात नाही.

२५/
जुनी नावे आता मिळणार नाहीत. पण झील अजून संपलेली नाही. पोवाडे, जाखडी, भीमगीते आणि सप्ताह आजही रोज मोबाइलवर चित्रित होतात आणि त्याखाली मुख्य गायकाचे नाव लिहिले जाते. त्याच ओळीत तुणतुणे, झांज, ढोलकी आणि झील यांची नावे लिहिण्यास काही खर्च येत नाही. १८९१ च्या ग्रंथात जी जागा रिकामी राहिली, ती निदान यापुढच्या नोंदीत भरता येईल. एखाद्या यंत्राने उद्या याच ध्वनिमुद्रणातून झिलीचा तुकडा उचलून अखंड फिरवलाच, तर तो कोणाचा कंठ होता हे तरी ठाऊक असेल.